स्क्रू नंबर तीन

४ सप्टेंबर १९५५, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. आयुष्याला दिशा मिळाली की नोंद ठेवावी. इंग्लिश धनुष्य घरी आलं.

अस्सल स्टीलचं. सिव्हिल लाइन्समधले रेल्वेचे गोरे साहेब विलायतेला चालले. त्यांच्या सामानाच्या याद्या मी तीन-तीन प्रतींत टाइप करून दिल्या, एक चूक नाही. खूश होऊन धनुष्यच देऊन टाकलं. सोबत दहा बाण आणि पत्र्याची एक डबी. खरा माल डबीत. नेम धरायची पितळी साइट, बाण टेकवायची रेस्ट आणि पाच स्क्रू. धनुष्य काय, कोणीही ओढेल. अ‍ॅक्सेसरीज बसवायला डोकं लागतं, आणि ते ऑफिसात अकरा वर्षं वापरून माझं तयार आहे.

स्क्रूंना नंबर दिले. एक आणि दोन साइटची पट्टी दांड्याला धरतात. तीन साइटची सुई धरतो, म्हणजे सगळा नेम त्याच्यावर. चार आणि पाच रेस्टचे.

संकल्प: दसऱ्याला धरमपेठेत धनुर्विद्या मंडळाची स्पर्धा असते. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट मधुसूदनराव. पहिला नंबर आणायचा. साहेबांच्या डोळ्यांत भरायचं. मग हेडक्लार्क वगैरे ओघाने येईलच.

कुसुमने धनुष्य पाहिलं आणि हे कायले आणलं, असं विचारलं. सविस्तर सांगितलं. मधेच उठून मागावर जाऊन बसली.

५ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ.

मागच्या बोळात सराव सुरू. शेजारच्या चंपतरावांच्या भिंतीला भाताच्या तणसाचं पोतं टेकवलं, वीस पावलं मोजली. बाण दहा. पोत्याला शून्य. भिंतीला आठ. दोन भिंतीपलीकडे, चंपतरावांच्या पपईत.

खचलो नाही, कारण कारण सापडलं. स्क्रू नंबर तीन सैल. बाण सुटला की स्टीलला हिसका बसतो, हिसक्याने स्क्रू फिरतो, सुई खाली बसते. माणूस बिचारा बरोबर नेम धरतो आणि बाण पपईत जातो.

म्हणून रोजनिशीत दोन रकाने आखले. पहिला: प्रत्यक्ष लागलेले. दुसरा: स्क्रू घट्ट असता तर लागले असते ते. आजचे आकडे: ० आणि ६. जास्तही लिहिता आले असते, पण मी उगाच फुगवून सांगणाऱ्यांतला नाही.

७ सप्टेंबर.

उपाय मिळाला, तोही रक्तातूनच. आम्ही हेडाऊ म्हणजे सात पिढ्यांचे विणकर. मी पहिला कारकून. पण यंत्राची समज काही पेन धरल्याने जात नाही. बाबा रोज पहाटे मागाला तेल द्यायचे आणि तो माग साठ वर्षं कुरकुरला नाही. तेच तत्त्व इथे. प्रत्येक स्क्रूला सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब. कुसुमच्या मागाचीच तेलाची बाटली घेतली.

कुसुम म्हणाली, अजी, मागाच्या धोट्याले तेल देतेत थो सरकला पायजे म्हणून. तुमाले स्क्रू सरकवाचा हाये का? बायकांना टेक्निकल गोष्टी समजावण्यात फार वेळ जातो. तेल दिलं.

१० सप्टेंबर, शनिवार.

प्रत्यक्ष १ (पोत्याच्या कोपऱ्याला, आडवा. पण लागला तो लागला). दुसरा रकाना ७. चौथ्या बाणाला नंबर तीन चक्क बाहेर येऊन तळहातावर पडला. तेल कमी पडत असणार. उद्यापासून तीन थेंब.

११ सप्टेंबर, रविवार.

चंपतराव आले. हातात पपई, पपईत माझा बाण. भांडतील वाटलं होतं, पण माणूस सायकलच्या दुकानाचा, त्याचं लक्ष धनुष्याकडे. स्क्रू हलवून पाहिले. म्हणाले, बावा, वायसर टाक न गा. आणि खिशातून पाच वायसर काढून दिले. विलायती धनुष्याला सायकलचं सामान! पण शेजारधर्म म्हणून घेतले आणि बसवले. दोन्ही बाजूंनी तेल देऊन.

संध्याकाळी नंबर तीन वायसरसकट उडाला. गवतात अर्धा तास रांगत होतो. कुसुम पाण्याची बादली घेऊन आली, बादली खाली न ठेवता पायाच्या अंगठ्याने स्क्रू दाखवला आणि गेली. दिवसभर तुटलेले धागे शोधत बसते, त्यामुळे नजर बरी आहे. बाकी काही नाही.

१४ सप्टेंबर.

ऑफिसातून डिंकाची बाटली आणली. पाचही स्क्रूंना डिंक. आधी तेल दिलेलं होतंच. रात्रभर खुंटीवर वाळत ठेवलं.

१५ सप्टेंबर.

मुंग्या. साइटवर, रेस्टवर, दांड्यावर, तिथून भिंतीवर, भिंतीवरून कुसुमच्या मागावरच्या ताण्यावर. तिने सगळा ताणा धागाधागा करून झटकला. मग डिंकाची बाटली धुऊन माझ्या हातात दिली. याचा मला जास्त त्रास होतो.

प्रत्यक्ष ०. मुंग्या हातावर चढत असताना अर्जुनालाही नेम धरता आला नसता. दुसरा रकाना ८.

१७ सप्टेंबर, शनिवार.

आता उपाय पक्का. लाख! टपालाच्या थैलीला जी लावतो ती. पाचही स्क्रूंवर गरम लाख ओतली आणि वर ऑफिसचा पितळी शिक्का दाबला. स्क्रू रेघभर फिरला तरी सील फुटेल, म्हणजे कोणता फिरला ते ताबडतोब कळेल. मागच्या वर्षी आमच्या सेक्शनच्या एकाही थैलीचं सील फुटलं नव्हतं. हे डोकं साहेबाच्या देशातसुद्धा कोणाला सुचलं नसेल.

१८ सप्टेंबर, रविवार. दुपार.

मधुसूदनराव स्वतः घरी आले! धनुष्य पाहायला. आधी कळलं असतं तर पुढच्या खोलीचं काही केलं असतं. पुढच्या खोलीत कुसुमचा माग. दारातून शिरलं की माग, आणि उरलेल्या जागेत आम्ही. साहेबांचा गुडघा मागाला आपटला. खुर्ची ठेवायला जागा नाही म्हणून शेवटी मागाच्या पाटावरच बसले. मी शरमेने अर्धा झालो.

साहेबांनी साडीचा काठ दहा मिनिटं पाहिला. धनुष्य दोन मिनिटं. लाखेवरचा शिक्का चष्मा लावून वाचला. विचारलं, हेडाऊ, हे धनुष्य गोपनीय आहे का? माझ्या कामाच्या पद्धतीने चकित झालेले दिसले. शिक्का उद्या जागेवर ठेवा, असंही म्हणाले. काळजी घेतात माणसाची.

ते गेल्यावर सराव. पहिल्याच बाणाला पाचही सीलं फुटली. त्यामुळे कोणता स्क्रू फिरला ते कळलं नाही.

मोठा निर्णय: माग हलवला पाहिजे. धरमपेठेतला माणूस घरी येतो आणि त्याला मागावर बसवायचं? पुढची खोली सलग सतरा हात आहे. तिथे दोन वेताच्या खुर्च्या, भिंतीवर धनुष्य, पावसाळ्यात घरातल्या घरात सराव. माग कुसुमच्या माहेरचा आहे, उमरेडला परत जाईल. तिलाही आराम.

१९ सप्टेंबर.

कुसुमला सांगितलं. हात थांबवून ऐकलं. म्हणाली, माग गेल्यावर मी काय करू? तुमचे स्क्रू शोधत बसू? मग हळूच म्हणाली की मी साताठ वर्षाची होती तवापासून याच मागावर बसून राहिली. डोळे भरले होते तिचे. मलाही कसंतरी झालं. पण पुढे जायचं म्हणजे माणसाला थोडं कठोर व्हावं लागतं. तेल दिलं आणि झोपलो.

२५ सप्टेंबर, रविवार.

सासरे आले, नत्थूजी. उमरेडच्या पहिल्या मोटारीने, डोक्यावर सुताचं गाठोडं. कुसुमने कधी पत्र पाठवलं कोण जाणे.

चांगला तास-दीड तास चर्चा झाली. नत्थूजींनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं, बोळात उभं राहून माझे पाच बाण पाहिले, आणि म्हणाले, जवाईबापू, भांडण कायले पायजे? दसऱ्याले दहापैकी पाच बाण लागले, त माग मी सोता बैलगाडीत घालून नेतो. नाई लागले, त धनुष्याले हात नाई लावाचा, आन पोरीची ही साडी मागावरून उतरेपर्यंत रोज सांजच्याले तिच्या कांड्या तुमी भरून द्याच्या.

कांड्या! धोट्यात घालायचं सूत गुंडाळायला मी! अप्पर डिव्हिजन क्लार्क! पण हरायचा प्रश्नच नसल्यामुळे कबूल केलं. मात्र तोंडी कारभार मला चालत नाही. तिथल्या तिथे करारनामा लिहिला. कलम एक ते तीन म्हणजे वर लिहिलेलंच. कलम चार माझ्या डोक्यातलं: "स्पर्धेत एकही स्क्रू सैल झाल्यास निकाल रद्द समजून फैसला पुढील दसऱ्यास करावा; तोपर्यंत सरावासाठी पुढची खोली मोकळी ठेवावी."

म्हणजे बाण लागले तर माग जाणार, आणि स्क्रू सैल झाला तरी माग जाणार. नत्थूजींनी अंगठा उमटवला. कुसुम मराठी चौथी शिकलेली आहे. तिने कलम चार दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. हस्ताक्षर बरं आहे.

असं वाटतं की वकील व्हायला हवं होतं.

२ ऑक्टोबर, रविवार.

सरावाला शिस्त आणली. ऑफिसात तक्ता टाइप करून घेतला: तारीख, स्क्रू नंबर, बाणापूर्वीची स्थिती, बाणानंतरची स्थिती, शेरा, तपासणाऱ्याची सही. प्रत्येक बाणानंतर पाचही स्क्रू तपासायचे आणि सही करायची. एका संध्याकाळी तीन बाण होतात. चौथ्याला अंधार पडतो. पण काम कसं चोख.

प्रत्यक्ष ०. दुसरा रकाना ३, म्हणजे शंभर टक्के.

नंबर तीन अजून सैल होतो. आता पाच थेंब देतो. एक विचार मनात आला की तेलाने तर असं होत नसेल? हा विचार कुसुमच्या बोलण्यामुळे आला असावा. काढून टाकला.

९ ऑक्टोबर, रविवार.

चंपतरावांची पक्कड आणून नंबर चार आणि पाच जोर लावून पिळले. रेस्ट वाकडी झाली. चारच्या डोक्यावरची खाच अर्धी झिजली. बाण आता बाहेर पडण्याआधीच उजवीकडे वळतो. चंपतरावांनी पपईला पोतं गुंडाळलं आहे. पोत्याला आज माझे दोन बाण लागले. ते पहिल्या रकान्यात धरावेत का? पोतं ते पोतंच. धरले.

१६ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना.

घट बसले. नऊ दिवस. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की दसऱ्याला दुपारी तीन वाजता धरमपेठेत या. मधुसूदनराव जिन्यात भेटले. हेडाऊ, तयारी कशी? मी म्हटलं, साहेब, स्क्रूवर काम चालू आहे. ते हसले. धाकधूक त्यांनाही असणार, त्यांचंही नाव यादीत आहे.

कुसुमची साडी अर्धी झाली. दिवाळीच्या आत इतवारीच्या दुकानाला द्यायची आहे म्हणते. आजकाल रात्री जेवणं झाली की धनुष्याकडे टक लावून बसते. शेवटी तिलाही गोडी लागलीच.

२३ ऑक्टोबर, रविवार. अष्टमी.

दुपारी धरमपेठेत स्पर्धकांची बैठक. सायकलने जाऊन आलो. नियम: तीस पावलं, दहा बाण, प्रत्येकाला वेगळं टार्गेट. स्पर्धक आठ. बहुतेकांची धनुष्यं बांबूची. रुपराव नावाचे एक फॉरेस्ट गार्ड रामटेककडून येणार आहेत. त्यांच्या धनुष्याला म्हणे एकही स्क्रू नाही. दया आली.

निघताना कुसुमने विचारलं, धनुष्य घरीच ठेवून जाता ना? उद्या खंडेनवमी हाये, हत्यारं पुसून-पासून ठेवतो. तिचा उत्साह पाहून बरं वाटलं. तक्ताही तिच्याजवळ दिला. परत आलो तर धनुष्य चकाचक. तेलाचा थेंब दिसेना. पुसून काढलं होतं. थोडा रागावलो, पण कामाच्या माणसाने बारीकसारीक गोष्टींत पडू नये.

प्लॅन: उद्या संध्याकाळी पाचही स्क्रू शेवटचे आवळणार, वर भरपूर तेल. परवा विजय.

२४ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी.

संध्याकाळचे सहा. मोठा पेच.

सकाळी पूजा मांडली. पाटावर धोटा, फणी, कात्री, विळी, माझं टाकाचं पेन, धनुष्य, बाण, आणि त्यांच्या मधोमध, हळदकुंकू लावून, स्क्रू पिळायचा पेचकस. बाजूला पक्कड. चंपतरावांचीच, पण तिलाही कुंकू. मी म्हटलं, पेचकस तेवढा उचलून दे, मला काम आहे. कुसुमने असं पाहिलं, जसं काही मी देवीलाच उचलून दे म्हटलं. म्हणाली, आज हत्याराले हात लावत नाई, तुमाले माहीत नाई का? बाजूला नत्थूजी बसलेले, कालच येऊन राहिलेत. ते फक्त खोकले.

आता हे खरं की सात पिढ्यांत खंडेनवमीला आमच्या घरात कोणी हत्यार हातात घेतलं नाही. बाबा तर त्या दिवशी सुपारी फोडायलाही अडकित्ता घेत नसत, दाताने फोडत. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण हातही पुढे जाईना. चार वेळा पाटाजवळ जाऊन आलो. स्क्रूंवर हळदीकुंकवाची बोटं, मानेशी कापसाचं काहीतरी चिकटलेलं. देवीच्या वस्त्राचा धागा असावा.

तेलाची बाटलीसुद्धा पूजेत.

२५ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा. सकाळ.

पूजा हलली. धावत जाऊन पेचकस घेतला. नंबर तीन आवळायला गेलो तर जागचा हलेना. घट्ट! एक, दोन, चार, पाच, सगळे घट्ट. धनुष्य कानाशी धरून हलवलं, कुठे खुट्ट नाही. सहा आठवड्यांच्या तेलाचा हा परिणाम. यंत्राला मुरायला वेळ द्यावा लागतो, हे मी पहिल्यापासून ओळखून होतो.

कुसुमने औक्षण केलं. स्क्रू पाहिले का, विचारलं. म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास. तिनेही मान डोलावली.

उमरेडला माग न्यायला बैलगाडी कुठून मिळेल, हे चंपतरावांना विचारून ठेवलं.

२५ ऑक्टोबर. संध्याकाळ.

जसं झालं तसं लिहितो.

मैदानावर शंभर-सव्वाशे माणसं. ऑफिसातले अकरा. नत्थूजी, चंपतराव, आणि बायकांच्या बाजूला कुसुम. माझं धनुष्य पाहायला गर्दी झाली. रुपरावांनी साइट न्याहाळून विचारलं, भाऊ, बान सोडाच्या आंधी हे सारं पाहा लागते का? मी समजावून सांगितलं. फार वेळ लागते, असं म्हणून ते आपल्या जागेवर गेले.

पहिला बाण डावीकडे गेला. लगेच नंबर तीन पाहिला. घट्ट. दुसरा वरून गेला. नंबर तीन घट्ट, एक-दोन घट्ट. तिसरा जमिनीत. रेस्ट पाहिली. वाकडी आहे, पण जागेवर, चार-पाच घट्ट. चौथा कुठे गेला दिसला नाही. मधुसूदनराव मात्र हसून म्हणाले की तो त्यांच्या टार्गेटमध्ये आहे, आभारी आहे. लोक हसले.

पाचवा गेला. सहावा गेला. आता दहापैकी पाच लागणं शक्य नव्हतं. कलम चार आठवलं. साइट तपासायच्या निमित्ताने पाठ फिरवली आणि नंबर तीनला अंगठ्याचं नख लावून डावीकडे फिरवलं. ही लबाडी नव्हती, फक्त अ‍ॅडजस्टमेंट. हलला नाही. जोर केला. नख अर्ध्यातून तुटलं. चारला लावलं, पाचला लावलं. दीड महिना जे स्क्रू नुसत्या श्वासाने सुटत होते, त्यातला एक आज वीतभर सोडा, केसभर फिरेना.

मधुसूदनरावांनी हे पाहिलं. मोठ्याने म्हणाले, काय हेडाऊ, स्क्रू सैल झाला का? झाला असेल तर तसं सांगा, आपण बाण परत देऊ. माणूस चांगला आहे, हेच वाईट. कुसुम माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही, नुसतीच. खोटं बोललो असतो तर माग गेला असता. तोंड उघडलं आणि म्हणालो, नाही साहेब, घट्ट आहे.

फार लाज वाटली. एवढी लाज मॅट्रिकला नापास झालो तेव्हाही नव्हती वाटली.

उरलेले चार मारले. आठवा लागला, काठाला. रुपरावांचे नऊ लागले.

प्रत्यक्ष १. दुसरा रकाना १.

२६ ऑक्टोबर, बुधवार.

काल संध्याकाळपासून लोक सोनं द्यायला येताहेत. आपट्याची पानं हातात ठेवायची, पाया पडायचं, आणि मग विचारायचं, काय झालं, स्क्रू? प्रत्येकाला सांगावं लागतं की नाही, स्क्रू ठीक होते. बावीस जणांना सांगितलं. चंपतरावांनी दोनदा विचारलं.

करारानुसार धनुष्य उतरवून साइट आणि रेस्ट डबीत भरायला बसलो. स्क्रू निघेनात. पेचकस घसरून दुसराही अंगठा सोलला. शेवटी कुसुम आली. गरम पाण्यात भिजवलेली चिंधी प्रत्येक स्क्रूवर थोडी धरली आणि पाचही स्क्रू बोटांनी काढून माझ्यासमोर ओळीत ठेवले. प्रत्येकाच्या आट्यांमध्ये सुताचा एक पीळ, ताण्याला लावतात त्या खळीत भिजवून वाळवलेला. म्हणजे ते देवीचं वस्त्र नव्हतं.

मागाच्या ठोक्याने खिळे हलतेत, तवा आमी असंच करतो, म्हणाली. अष्टमीले तुमी धरमपेठेत गेले तवा आधी सारं तेल पुसून काढलं.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं? म्हणाली, सांगतलं होतं ना, तेल नका लावू म्हणून. ऐकलं का?

आणि मग स्क्रू घट्ट बांधलेस काहून? माझ्याही तोंडून काऐवजी काहूनच निघालं. म्हणाली, कलम चार मीनं दोनदा वाचलं होतं. स्क्रू ढिल्ला झाला असता त तुमी खुश झाले असते, आन माझा माग गेला असता. बान तुमाले मारता येते का नाई, थे मले माहीत होतं. तुमाले माहीत व्हावं म्हणून बांधले.

नत्थूजी दुपारच्या मोटारीने उमरेडला गेले. जाताना मला दंडाला धरून म्हणाले, जवाईबापू, खरं बोलले तुमी मैदानात. बरं वाटलं मले. मलाही बरं वाटलं. पण थोडंच.

२७ ऑक्टोबर, गुरुवार.

धनुष्य डबीसकट माळ्यावर. पुढच्या खोलीत माग सकाळपासून खडखडतो आहे. ऑफिसातून आल्यावर चहा, मग कांड्या भरायला बसलो. ऑफिसात कोणाला सांगायचं नाही, असं कुसुमला बजावलं. मधुसूदनरावांनी आपल्या घरच्यांसाठी एक साडी सांगितली आहे म्हणते. म्हणजे ते येणार. म्हणजे मी कांड्या भरताना दिसणार.

संकल्प: कांड्या भरणं ही टेक्निकल गोष्ट आहे. डोकं लावलं तर तासाला तीस सहज. साडी लवकर उतरेल आणि मी मोकळा.

३० ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.

आज एकोणतीस कांड्या भरल्या. कांड्या भरायच्या रहाटाला दोन थेंब तेल दिलं, त्याने वेग वाढतो. ओळीने मांडून कुसुमला बोलावलं. तिने एकेक उचलली, अंगठ्याने दाबली आणि परत टोपलीत टाकली.

साऱ्या ढिल्ल्या हायेत, म्हणाली. पुन्हा भरा.